तबकडीवर एकच नाव

(अमरावती आणि अकोला इथल्या तरुणांच्या बैठकांत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय एक इंग्रजी रॉक गाणं आहे, हे कळल्यावर मागच्या रांगेतून एक प्रश्न आला : "काऊन गा, इंग्रजी गाण्याचं आपल्याले काय करा लागते?" प्रश्न रास्त आहे. उत्तर देतो, पण थोडं लांबून येतो.

हे गाणं ऐकू नका असं सांगणारे दोन जातीचे लोक भेटतात. पहिले संस्कृतीचे पिढीजात ठेकेदार. त्यांच्या लेखी गाणं म्हणजे त्यांच्या माडीवरची मैफल, बाकी सगळा धिंगाणा. डफडं त्यांना वरातीपुरतं चालतं, वाजवणारा उंबऱ्याबाहेर. दुसरे आपलेच जहाल मित्र. ते म्हणतात, रॉक ही पैसेवाल्यांच्या पोरांची चैन, साम्राज्यवाद्यांची अफू. दोघांचं भांडण मोठं, पण एका मुद्द्यावर दोघांचं गुपचूप एकमत आहे : गाणं त्याचं, ज्याच्या घरात ते वाजवायचं यंत्र आहे. मला हे साफ नामंजूर. गाणं त्याचं, ज्याचे कष्ट त्यात मुरले आहेत. हा हिशोब लावला तर या इंग्रजी गाण्याच्या सातबाऱ्यावर वऱ्हाडचंही नाव चढवावं लागेल. कसं, ते दाखवतो.

गाण्याचं नाव 'द हाउस ऑफ द रायझिंग सन'. उगवत्या सूर्याचं घर. गाणारे 'द ॲनिमल्स', म्हणजे जनावरं. इंग्लंडच्या न्यूकॅसल शहरातली पाच पोरं. १८ मे १९६४ रोजी लंडनमध्ये त्यांनी ते एका दमात, एकाच खेपेला रेकॉर्ड केलं. जुलैत ते ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिलं आलं. सप्टेंबरात अमेरिकेतही पहिलं आलं आणि तीन आठवडे तिथंच ठाण मांडून बसलं. त्या काळी बाजारातलं गाणं तीन मिनिटांच्या आत आटपायचं, असा रिवाज होता. हे चाललं साडेचार मिनिटांच्या आसपास. अमेरिकेत कंपनीनं ते कापून विकलं. तुम्ही ऐकाल तर न कापलेलं ऐका.

कसं ऐकायचं? सुरुवातीला नुसती गिटार. हिल्टन व्हॅलेंटाइन सगळ्या तारा एकदम छेडत नाही. एकेक सूर सुटा करतो, जशी आपल्याकडची बाई सरकीपासून रुई सुटी करते. चाल सहा मात्रांची. आपला दादरा मनात धरा म्हणजे पाय आपोआप पडेल. मग एरिक बर्डनचा आवाज येतो, खालच्या पट्टीत, जणू कुणी भिंतीला टेकून स्वतःशीच बोलतो आहे. मध्ये ॲलन प्राइसचा ऑर्गन येतो. आपल्या पेटीचा विजेवर चालणारा भाऊ समजा. तो सूर असा खेचत नेतो की नंतर बर्डनला वर चढल्याशिवाय गत्यंतर नाही. तो चढतो. गळा फाटेल असं वाटतं, पण फाटत नाही. आणि एक गोष्ट ध्यानात घ्या : या गाण्याला ध्रुपद नाही. घोळवून घोळवून परत यावं अशी गोड ओळच नाही. कडव्यामागून कडवं, पायरीमागून पायरी, माणूस खाली उतरत जातो आणि आवाज वर जातो. सगळी करामत ह्या एका विरोधात आहे. दुःख सांगताना आवाज मऊ करायचा, डोळे पुसायचे, ही मध्यमवर्गीय रीत. इथं दुःख सांगताना आवाज वाढतो. शाहिरांच्या रात्री जागवलेल्या लोकांना हे समजावून सांगावं लागत नाही.

आता गोष्ट. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स शहर. तिथं एक घर. त्या घरानं कित्येक गरीब पोरांची माती केली, सांगणारा त्यातलाच एक. आई शिवणकाम करणारी, तिनं त्याच्यासाठी जीनची पँट शिवली. बाप जुगारी. पोरगा आयांना सांगतो, तुमच्या लेकरांना माझ्या वाटेनं जाऊ देऊ नका. आणि एवढं सगळं कळूनसुद्धा तो परत त्याच शहराकडे निघतो, पायात बेडी घालून घ्यायला. ते घर कुंटणखाना की तुरुंग की जुगाराचा अड्डा, यावर अभ्यासकांची चर्चा चालू असते. चालू द्या. गरिबाला गिळणारी घरं वेगवेगळ्या पाट्या लावून उभी असतात, आतलं जातं एकच. कामाठीपुऱ्यात, दारूच्या गुत्त्यात, सावकाराच्या ओसरीवर तुम्ही ते घर पाहिलेलं आहे. माणूस आत का गेला, एवढंच नीतीवाले विचारतात. कळूनही तो परत का जातो, हा खरा प्रश्न. गाणं त्याचं उत्तर देत नाही, बोधही पाजत नाही. फक्त आई शिवते, बाप हरतो, पोरगा परत जातो, असं एकापुढे एक मांडून ठेवतं. व्यवस्था म्हणजे काय ते याहून कमी शब्दांत कुणी सांगावं?

आता वऱ्हाडात या.

न्यू ऑर्लिन्स हे काही गाण्यातलं हवेतलं शहर नाही. अमेरिकेतला कापूस जगात पाठवणारं ते फार मोठं बंदर. त्या कापसामागे कोण होतं? १८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख काळी माणसं गुलाम होती, त्यातली बहुसंख्य दक्षिणेत कापसात राबत होती. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाच्या आसपास त्यांनी वेचलेला. १८६१ साली तिथं यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं रोखली, एप्रिल १८६२ मध्ये न्यू ऑर्लिन्स पडलं, कापूस थांबला, लँकेशायरच्या गिरण्या थंड झाल्या. गिरणीवाल्यांची नजर फिरली ती मुंबईमागच्या काळ्या मातीवर. खानदेश, वऱ्हाड. १८५३ पासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेलंच होतं. भाव आभाळाला भिडले. भुसावळहून अकोला, बडनेरामार्गे रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खुद्द खामगावला येऊन कापसासाठी टाकलेल्या फाट्याचं उद्घाटन करून गेला. साहेब इथलं हवापाणी खायला नव्हता आला!

पण तोवर युद्ध संपलं होतं. १८६५ मध्ये अमेरिकेचा कापूस परत सुटला आणि मुंबईत भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. रूळ मात्र राहिले. पऱ्हाटी राहिली. ज्वारीच्या रानात पऱ्हाटी घुसली ती घुसलीच, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याच वऱ्हाडात माणसं उपाशी मेली. कापूस गाडीनं बाहेर जायचा आणि कापूस वेचणारा पायी कामावर. पुढे जिन आले, प्रेस आल्या, गिरण्या आल्या. अकोल्याची सावतराम मिल, बडनेऱ्याची विजय मिल. त्यांचे भोंगेही बंद झाले. पण आजही ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतात वाकून बोंडं वेचणारी बाई कुठल्या वस्तीतून निघते, हे या सभेत मी सांगायची गरज नाही.

म्हणून सांगतो, त्या गाण्यातल्या आईनं शिवलेली जीनची पँट हे नुसतं वर्णन नाही. जीन म्हणजे मजुराचं कापड, जाड कापूस. न्यू ऑर्लिन्सच्या गुलामाच्या हातून निसटलेली साखळी वऱ्हाडच्या मजुराच्या हातात आली, अशी ही दोन मुलखांची सोयरीक आहे. कुणी लावली ते वेगळं. पण सोयरीक आहे. ब्ल्यूज नावाचं संगीत त्या कापसाच्या रानातून आणि तुरुंगातून वर आलं आणि त्याच्या पोटी रॉक जन्मलं. रॉक पैसेवाल्यांच्या माडीवर नंतर पोचलं.

मग ही न्यूकॅसलची गोरी पोरं कोण? न्यूकॅसल हे कोळशाचं आणि जहाजबांधणीचं शहर. बँडमधला चॅस चँडलर जहाजांच्या कारखान्यात लेथवर काम केलेला कामगार. ही पोरं काळ्या अमेरिकन गायकांच्या रेकॉर्डी जमवून ऐकायची, घोकायची. १९६४ साली चक बेरी या काळ्या गायकाबरोबर त्यांचा दौरा ठरला. त्यांनी अकलेनं विचार केला : वेगात आणि नाचात चक बेरीशी टक्कर घेतली तर आपली शोभा होईल. म्हणून शेवटाला संथ, जड, दुःखाचं गाणं निवडलं. लोक थरारले. तीच ही रेकॉर्ड. याच चँडलरनं पुढे १९६६ मध्ये जिमी हेंड्रिक्स या काळ्या गिटारवादकाला न्यूयॉर्कहून लंडनला आणलं, आणि गिटार वाजवण्याची रीतच बदलून गेली. तेव्हा गोऱ्यांनी काळ्यांचं चोरलं, असं एका वाक्यात हे प्रकरण मिटत नाही. बारकाईनं बघावं लागेल.

गाणं त्यांच्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं? १९३३ मध्ये क्लॅरेन्स ॲशली या डोंगराळ मुलखातल्या गोऱ्या गायकानं ग्वेन फॉस्टरबरोबर ते रेकॉर्ड केलं. १९३७ मध्ये लोकगीतं गोळा करणारा ॲलन लोमॅक्स केंटकी राज्यातल्या मिडल्सबरो गावी यंत्र घेऊन गेला. तिथं जॉर्जिया टर्नर नावाच्या सोळा वर्षांच्या पोरीनं त्याला ते म्हणून दाखवलं. खाणकामगाराची मुलगी, गोरी आणि दरिद्री. साथीला काही नाही, नुसता गळा. १९४१ साली लोमॅक्सनं ते पुस्तकात छापलं. मग जोश व्हाइटनं ते गायलं. हा काळा गायक लहानपणी आंधळ्या गायकांचा हात धरून त्यांना रस्तोरस्ती फिरवायचा, त्यातच गिटार शिकला. लेडबेलीनं गायलं. तो लुईझियानात जन्मलेला, कापूस वेचलेला, तुरुंग भोगलेला. नीना सिमोननं गायलं. न्यूयॉर्कमध्ये डेव्ह व्हॅन रॉन्कनं त्याची नवी मांडणी बसवली. बॉब डिलननं ती उचलली आणि १९६२ च्या आपल्या पहिल्या रेकॉर्डवर टाकली. आता गंमत ऐका. लोक व्हॅन रॉन्कला म्हणू लागले, हे तर तुम्ही डिलनचं गाता! बिचाऱ्यानं गाणं सोडलं. मग ॲनिमल्सची तबकडी आली, आणि लोक डिलनला म्हणू लागले, हे तर तुम्ही ॲनिमल्सचं गाता! त्यानंही सोडलं. चोराच्या घरी मोर म्हणतात, तो असा.

या प्रवासात एक मोठी गोष्ट हरवली. टर्नरच्या तोंडी हे गाणं मुलीचं आहे. नासलेली मुलगी आपल्या धाकट्या बहिणीला सांगावा धाडते : मी केलं ते तू करू नको. डिलनपर्यंत ते बाईचंच राहिलं. ॲनिमल्सनी बाईचा बुवा केला. मुलीचा जुगारी यार होता, त्याच्या जागी जुगारी बाप आला. गाणं रेडिओला चालेल असं झालं, पहिला नंबर मिळाला, आणि ज्या मुलीच्या तोंडचं ते होतं तीच गाण्यातून हद्दपार झाली. गाण्याचं कौतुक करताना ही वजाबाकी मनात धरूनच कौतुक करायचं. दोन्ही एकदम करता येतं. यायलाच पाहिजे.

आणि आता तबकडीकडे बघा. छोट्या तबकडीच्या मधोमध गोल कागद असतो. त्या कागदावर छापलं : पारंपरिक, मांडणी ॲलन प्राइस. मांडणी पाचही जणांनी मिळून बसवली होती. पण पाच नावं कागदावर मावत नाहीत, एकच घालू, पैसे मागाहून वाटून घेऊ, अशी समजूत घातली गेली, असं बाकीच्या वादकांचं म्हणणं. जुन्या गाण्याला कर्ता नसतो, म्हणून कायद्यानं रॉयल्टी मांडणी करणाऱ्याची. नाव एकाचं, म्हणून रॉयल्टी एकाची. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, प्राइस बँड सोडून गेला. बाकीच्यांचा सल जन्मभर गेला नाही. ज्या गिटारीच्या पहिल्या चार सुरांवरून जग ते गाणं ओळखतं, त्या व्हॅलेंटाइनचं नाव कागदावर नव्हतं. तो २०२१ मध्ये वारला.

ही झाली पाचांतली वाटणी. पण 'पारंपरिक' या एका शब्दाखाली किती माणसं गाडली ते मोजा. जॉर्जिया टर्नर १९६४ साली जिवंत होती. तिच्या हाती पुढे पडले ते किरकोळ पैसे. १९६९ मध्ये ती गेली. लेडबेलीचं उदाहरण तर आणखी कडू. तो डिसेंबर १९४९ मध्ये गरिबीत मेला. त्याचं 'गुडनाइट आयरीन' हे गाणं दुसऱ्यांच्या आवाजात १९५० साली अमेरिकेत पहिलं आलं आणि आठवड्यामागून आठवडे पहिलंच राहिलं. काही महिने आधी आलं असतं तर!

'पारंपरिक', 'लोक', 'अज्ञात'. हे शब्द ऐकायला किती गोड आहेत! विद्वान ते भक्तिभावानं उच्चारतात. पण मित्रहो, अज्ञात कुणी जन्मत नाही. अज्ञात केला जातो. कागद लहान आहे असं सांगून केला जातो.

आपल्या शाहिरांना हे फार आधी कळलं होतं. ज्याच्याजवळ छापखाना नाही, कंपनी नाही, वकील नाही, त्यानं आपलं नाव कुठं ठेवायचं? त्यांनी ते गाण्यातच ठेवलं. शेवटच्या कडव्यात कवीची नाममुद्रा. संतांपासून चालत आलेली रीत भीमगीतांनी हत्यारासारखी वापरली. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत मिळेल ते काम करून जगले आणि हजारो गाणी लिहून गावोगाव गात फिरले. शेवटच्या कडव्यात 'वामन' येतो, यमकाच्या जागी घट्ट बसवलेला. तो काढायचा तर यमक मोडतं, चाल लंगडते. कागदावरचं नाव खोडता येतं, यमकातलं खोडायला कवीच लागतो. तरी खोडणारे निघाले. आपल्यातच निघाले. 'वामन'च्या जागी स्वतःचं नाव कोंबून गाणारे मंचावर बघितले आहेत की नाही? कॅसेटी आल्या तेव्हा वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा, कंपनीचं नाव त्याहून ठसठशीत, कवी बारीक टाइपात किंवा नाहीच. आता मोबाइलवर तर वेष्टनही उरलं नाही. खाली लिहिलेलं असतं : पारंपरिक भीमगीत. अरे, कशाचं पारंपरिक? वामनदादा १५ मे २००४ रोजी गेले. कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालतो, असं आपल्या देशाचा कायदा म्हणतो. म्हणजे २०६४ च्या अखेरपर्यंत त्यांचं एकही गाणं पारंपरिक नाही.

आणि आपल्या जॉर्जिया टर्नर कुठं आहेत? जात्यावर. बाबासाहेबांवर बायांनी जात्यावर रचलेल्या ओव्या घराघरात होत्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पोइतवां यांनी १९८० च्या दशकापासून खेड्यांत हिंडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यांत भीमाच्या ओव्याही आहेत. त्यांनी ओवीबरोबर गाणारीचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. केवढं साधं काम! पण त्यामुळे उद्या त्या ओवीला चाल लावून कुणी पहिला नंबर मिळवला, तरी ती बाई गाण्यातून हद्दपार होणार नाही.

आता मागच्या रांगेतल्या प्रश्नाचं उत्तर. इंग्रजी गाण्याचं आपल्याले काय करा लागते? तीन गोष्टी करा लागते.

पहिली, ते ऐकायचं. मनमुराद ऐकायचं, कुणाची परवानगी न मागता. गिटार असेल तर शिका. जगभरची पोरं हेच गाणं सुरुवातीला शिकतात, तुम्हीही शिका. डफड्यावर बसवा. वऱ्हाडीत नवं रचा, आपल्या घराचं, आपल्या जिनातलं, आणि मुलीच्या तोंडी रचा. चाल घेणं ही चोरी नाही. गाणं हातोहात जातं म्हणूनच जगतं. जोश व्हाइटनं हात लावला म्हणून ते वाढलं, न्यूकॅसलच्या पोरांनी लावला म्हणूनही वाढलं.

दुसरी, गाताना आधी नावं घ्यायची. ज्याच्याकडून घेतलं त्याचं, त्यानं ज्याच्याकडून घेतलं त्याचं. दोन मिनिटं जातील. श्रोते पळून जात नाहीत. चोरी गाण्यात नसते, नाव गिळण्यात असते.

तिसरी, घरी गेल्यावर एक वही करायची. तुमच्या वस्तीत जी म्हातारी जात्यावरचं, पेरणीचं, वेचणीचं, भीमजयंतीचं गाणं म्हणते, तिच्यापाशी बसायचं. मोबाइलवर आवाज घ्यायचा आणि वहीत लिहायचं : नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, गाणं कुणाकडून शिकली, कितव्या वर्षी. ती म्हणेल, "माह्या नावाचं काय करतं रे बाबू, गाणं लिहून घे." नाव आधी लिहायचं. गाणं मागून.

अकोल्याच्या आणि अमरावतीच्या पोट्ट्यांनी पुढच्या भीमजयंतीपर्यंत अशा पन्नास वह्या भरल्या, तर ह्या भाषणाचं काम झालं असं मी समजेन. वह्या घेऊन या. तेव्हा मी बोलणार नाही, ऐकायला बसेन.

जय भीम.